ब्राउझरची मेमरी: जुन्या कोडला कुंपण की रस्टमध्ये नवी बांधणी?

पानावरचं एखादं बटण स्क्रिप्टने काढून टाकलं, त्याची मेमरी मोकळी झाली, पण कोडमधला एक पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) अजून तिथेच बोट दाखवतोय. त्या जागी हल्लेखोराने आपला डेटा बसवला की खेळ खलास. हाच 'यूज आफ्टर फ्री'. क्रोमियमच्या (क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे तो प्रकल्प) टीमने २०२० मध्ये सांगितलं, की गंभीर सुरक्षा-बगांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे, आणि त्यातले निम्मे याच जातीचे.

ब्राउझरचा जुना कोड सी प्लस प्लस भाषेत आहे; तो तसाच ठेवून भोवती सँडबॉक्स, म्हणजे बाकी संगणकापासून तोडणारं कुंपण, घालता येतं. क्रोम २००८ पासून तेच करतं: चोर शिरला तरी एका खोलीत अडकतो. प्रत्येक खोली म्हणजे वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम), तेव्हा रॅम जाणारच. आणि खोलीचं दारही सी प्लस प्लसचंच!

दुसरा मार्ग रस्ट या भाषेचा. तिच्यात डेटाचा मालक असलेला व्हेरिएबल गेल्यावर त्याचा उसना संदर्भ (पॉइंटरसारखाच) वापरलात, तर कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, कोड पुढे जाऊच देत नाही. (सुरुवातीला त्याच्याशी भांडण्यात दिवस जातो, ते वेगळं.) फायरफॉक्सने २०१७ मध्ये सीएसएस इंजिन (पानाची सजावट ठरवणारा भाग) रस्टमध्ये आणलं. पण जुन्या लाखो ओळी पुन्हा लिहिणार कोण? जावास्क्रिप्टचा जेआयटी (जस्ट-इन-टाइम) कंपायलर तर ऐनवेळी मशीन कोड बनवतो. त्या कोडमधल्या चुका रस्टलाही दिसत नाहीत.

मी तरी नवा इमेज डीकोडर (चित्राची फाइल उलगडणारा भाग) रस्टमध्येच लिहीन, आणि जेआयटीभोवतीचं कुंपण काढणार नाही.