कोरा कागद आणि स्वतःचं पेन घेऊन जा : एका अर्ज मदत केंद्राचा अनुभव

इथे अर्ज लिहून मिळत नाही, आपल्याकडून लिहून घेतला जातो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे माहीत नव्हतं आणि मला रागच आला होता. वर्षभर जाऊन-येऊन झाल्यावर आज ओळखीतल्या प्रत्येकाला मी हेच केंद्र सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

केंद्र म्हणजे एका वाचनालयाची मागची खोली. दोन टेबलं, एक बाक, भिंतीवर पंखा. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ७. पैसे घेत नाहीत. चालवतात एक निवृत्त अव्वल कारकून बाई, सगळे त्यांना काकू म्हणतात. ३४ वर्षं सरकारी कार्यालयात काढली, त्यातली बरीचशी बारनिशीत. आपला अर्ज आत गेला की त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो कुठल्या टेबलावर जाणार हे ठरतं, ती जागा म्हणजे बारनिशी. हजारो अर्ज हातावेगळे केलेल्या बाईंना कुठला अर्ज पुढे सरकतो आणि कुठला गठ्ठ्यात राहतो हे दुसऱ्या ओळीतच कळतं.

माझी गाऱ्हाणी दोन होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. वयाची ८० वर्षं झाली की त्यात २० टक्के वाढ मिळते, पुढे ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. आईला ८० पूर्ण होऊन १४ महिने झाले तरी एक रुपया वाढला नव्हता. बँकेत विचारलं की ‘वरून यायला पाहिजे’ आणि वडिलांच्या जुन्या खात्याला पत्र पाठवलं की उत्तर नाही. दुसरं गाऱ्हाणं गल्लीचं. तोंडाशी ओढ्यावर मोरी आहे. तिचा एका बाजूचा कठडा आणि स्लॅबचा मोठा तुकडा पावसात वाहून गेला, तेव्हापासून रिक्षा आत येत नाही. शाळेची मुलं भिंतीला धरून जातात. आईचे गुडघे गेलेले, तिला बाहेर काढायचं तर दोघांनी उचलावं लागायचं. त्यासाठी गल्लीतल्या ४० जणांच्या सह्यांचा अर्ज आम्ही चार वेळा दिला होता.

ही दोन्ही गाऱ्हाणी मी एकाच पत्रात घातली होती. अडीच पानं. वर ‘मा. जिल्हाधिकारी’ आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पंतप्रधानांपासून स्थानिक सदस्यापर्यंत नऊ जण. रात्री शिवणाचं मशीन बंद करून तीन दिवस बसून लिहिलेलं पत्र होतं ते. काकूंनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, मध्ये एकदाही मान वर केली नाही. मग पेन्सिल घेऊन एकाच वाक्याखाली रेघ मारली : ‘तरी याबाबत तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी.’

“यातली योग्य ती म्हणजे कोणती?”

मी म्हटलं, सगळं पत्र त्याबद्दलच आहे की.

“अगं, तू सांगितलं नाहीस तर ते ठरवणार. ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून कागद दुसऱ्या टेबलावर सरकवला, की तीही कार्यवाहीच झाली. तू मागितलेलं त्यांनी दिलं.”

नऊ प्रतींबद्दलही त्यांनी तिथेच समजावलं. वरच्या कार्यालयात गेलेली प्रत शेरा पडून खाली येते, आणि फिरून फिरून सगळ्या प्रती ज्या टेबलावर मूळ अर्ज आहे तिथेच पोचतात. तोपर्यंत त्या टेबलावरचा माणूस ‘वर चौकशी चालू आहे’ म्हणून थांबलेला असतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाला लिहिलं की काम लवकर होतं असंच आपण समजतो.

मग त्यांनी आईचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा मूळ आदेश, मागितला. घरात होता, पिशवीत गुंडाळलेला, पण तो आम्ही कुणी कधी वाचला नव्हता. पुढच्या शुक्रवारी घेऊन गेले. त्यात आईचं नाव होतं, नातं होतं, आणि जन्मतारखेच्या रकान्यात काहीच नव्हतं. बँकेच्या यंत्रणेला तिचं वय माहीतच नव्हतं, मग ८० झाल्याचं कळणार कसं? १४ महिन्यांत ज्या ज्या खिडकीवर मी उभी राहिले तिथल्या एकालाही हा कागद उघडून बघावासा वाटला नाही, याचं दुःख मला अजून आहे. आई दर महिन्याला पासबुकावर बोट ठेवून विचारायची, आणि मी तिला ‘येईल’ म्हणत होते.

नवा अर्ज सात ओळींचा झाला. अर्जदार आई, मी नाही. काकूंचा हा पहिला नियम : ज्याचा हक्क त्याची सही. मजकूर एवढाच, की माझ्या पीपीओमध्ये माझी जन्मतारीख नोंदलेली नाही. सोबत आधार आणि पॅनच्या प्रती जोडल्या आहेत. ती नोंद करून मला ८० वर्षं पूर्ण झाली त्या महिन्याच्या १ तारखेपासून २० टक्के अतिरिक्त कुटुंब निवृत्तिवेतन थकबाकीसह द्यावं. वडिलांच्या नोकरीची वर्षं, आईची आजारपणं, माझे हेलपाटे, सगळं गेलं. मला ते कापताना फार जड गेलं. आपलं सोसणं कागदावर यावं असं वाटतं ना! काकू म्हणाल्या, ते एका वेगळ्या वहीत लिहून ठेव, तारखांसकट. पुढे लागेल. आणि खरंच लागलं.

तो अर्ज केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर टाकायचा होता. पोर्टल २००७ पासून आहे, शुल्क नाही, मोबाईलवरूनही भरता येतं. काकूंकडे संगणक नाही, वाचनालयातला एक मुलगा भरून देतो. इंग्रजीत लिहावं लागणार म्हणून मी घाबरले होते. काकूंनी भिंतीवरचा पुठ्ठा दाखवला. त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात घटनेचा अनुच्छेद ३५० आहे : गाऱ्हाण्याचं निवारण व्हावं म्हणून कोणीही व्यक्ती संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देऊ शकते. मी मराठीतच लिहिलं. मंत्रालय आणि विषय निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. चुकीचा रकाना निवडला की तक्रार भलत्याच खात्याच्या दारात जाऊन पडते.

ऑगस्ट २०२४ पासून या पोर्टलवर तक्रार निकाली काढायची मुदत २१ दिवसांची आहे. आमची अठराव्या दिवशीच बंद झाली. संबंधित शाखेला कळवलं आहे, एवढंच उत्तर. पैसे नाहीत, नोंद नाही. बंद झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. नेमके त्याच वेळी काकू आजारी पडल्या आणि केंद्र तीन आठवडे बंद राहिलं. दारावर एक चिठ्ठी, बाकी कुणाचा फोन नंबर नाही, अपिलाच्या तारखा सांगणारं कुणी नाही. या सेवेतली सगळ्यांत मोठी उणीव हीच. सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि एका कापडी पिशवीतल्या प्रतींत आहे. माझं अपील मी सत्ताविसाव्या दिवशी स्वतः लिहिलं. कुठल्या तारखेला कुठे गेले, कोण काय म्हणालं, हे त्या वेगळ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आणि मागणीची तीच ओळ पुन्हा शेवटी घातली. काकूंनी आधी लिहायला लावलं नसतं तर मला ते जमलं नसतं, हेही तितकंच खरं.

अपिलानंतर दीड महिन्याने सुधारित पीपीओ आला आणि पुढच्या महिन्यात थकबाकी खात्यात जमा झाली. मी आईला सांगितलं तेव्हा तिने रक्कम विचारली नाही. “तारीख बरोबर घातली का त्यांनी?” एवढंच विचारलं, आणि कागद हातात घेऊन त्या रकान्यावरून बोट फिरवलं.

मोरीचं काम याहून किचकट निघालं. त्यासाठी काकूंनी लोकशाही दिन सुचवला. तालुक्याला महिन्यातल्या ठरलेल्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी अधिकारी स्वतः बसून तक्रारी ऐकतात. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. कोर्टात चालू असलेलं प्रकरण आणि नोकरीविषयक तक्रार घेत नाहीत. आधी तालुका, तिथे झालं नाही तर जिल्हा. आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. इथे आमचं अडलं. मोरी सगळ्यांची, सह्या ४० जणांच्या.

काकूंनी विचारलं, मोरीमुळे तुझं स्वतःचं काय अडतं? मी आईचं सांगितलं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला तिला बँकेत न्यावं लागतं. ८० च्या पुढच्यांना तो नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासून देता येतो, पण रिक्षाच दारात येत नाही तर सवलतीचा उपयोग काय? तोच अर्ज झाला. एका ८१ वर्षांच्या बाईला घराबाहेर पडता येत नाही, म्हणून अमुक ठिकाणची मोरी वाहनाला चालेल अशी दुरुस्त करावी आणि कामाची तारीख लेखी कळवावी.

याबाबतीत काकूंशी माझं पूर्ण पटलेलं नाही. गल्लीतल्या लोकांना वाईट वाटलं. ‘आमच्या सह्यांचं काय झालं?’ असं शेजारच्या वहिनींनी मला तोंडावर विचारलं. काकूंचं म्हणणं, सह्यांचा अर्ज स्थानिक संस्थेकडे पोच घेऊन राहू दे, तिथे तो चालतो. पण चाळीस जणांचा अर्ज म्हणजे पाठपुरावा कुणाचाच नाही. पाठपुराव्याचं त्यांचं खरं आहे, चार वेळा आम्ही तेच अनुभवलं. पण ज्या दिवशी आम्ही बारा बायका मिळून पोच मागायला गेलो, त्या दिवशी आम्हाला खुर्च्या मिळाल्या. एकटी गेले तेव्हा नाही. दोन्ही लागतं असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

तालुक्याला सुनावणी झाली. उत्तर आलं, ‘काम प्रस्तावित आहे.’ काकूंनी त्या तीन शब्दांवरच माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. का केलं नाही, असं विचारायचं नाही. नोंदीत असलेलं मागायचं. माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे आहे, त्यावर काय शेरे आहेत, अंदाजपत्रक झालं असेल तर त्याची प्रत. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ते अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. प्रस्तावच झालेला नव्हता. मोरी आपल्या हद्दीत नाही असं दोन कार्यालयांनी एकमेकांना लिहिलेलं होतं, आणि ती दोन्ही पत्रं शिक्क्यासह माझ्या हातात आली. शिवणीत दोन तुकडे एकमेकांना लागले नाहीत की मध्ये भोक राहतं, तसं ते भोक होतं, आणि त्यातूनच मुलं रोज शाळेत जात होती.

ती पत्रं जोडून जिल्ह्याच्या लोकशाही दिनात गेले. या वेळी वहिनी आणि आणखी सहा जणी बाहेर बाकावर बसल्या होत्या. सुनावणी जेमतेम चार मिनिटांची. हद्द कुणाची ते तिथेच ठरलं आणि तारीख लेखी मिळाली.

केंद्रात जाणाऱ्यांसाठी थोडं. साडेचारलाच जा, सहानंतर नंबर लागत नाही. जुना कुठलाही कागद घरी ठेवू नका, अगदी फाटकी पावतीसुद्धा. कुणाला शिव्या घालणारा किंवा निनावी अर्ज काकू हातात घेत नाहीत. त्यांचं बोलणं कडक आहे, माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ दुखावून उठून गेले, त्यांना जरा सांभाळून घ्यायला हवं होतं. आणि काकूंच्या हाताखाली कुणीतरी दोघं-तिघं तयार व्हायला हवेत. मी शुक्रवारी एक तास जाऊन प्रतींना तारखा घालून ठेवते, पण ते पुरेसं नाही. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या बंद तीन आठवड्यांचा.

मोरीचा नवा स्लॅब फेब्रुवारीत टाकून झाला. रिक्षा आत येते. कठडा अजून नाही, त्याचा वेगळा अर्ज दिला आहे, सहा ओळींचा, सही वहिनींची. आवक क्रमांक पडलाय, पोच त्यांच्याकडे आहे आणि ठरलेल्या सोमवारी सुनावणी आहे.