स्पेंट गेम: पैसे कसे संपतात ते कळतं, मुळात पुरत का नाहीत ते मात्र कळत नाही

आधी कामाचं सांगते, गेम फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतो, डाउनलोड बिउनलोड काही नाही आणि थोड्या वेळात संपतो, त्यामुळे खेळून बघायला काही जात नाही. आलाय २०११ मध्ये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहममध्ये अर्बन मिनिस्ट्रीज ऑफ डरहम नावाची बेघर लोकांसाठी काम करणारी संस्था आहे, तिच्यासाठी मॅकिनी या जाहिरात कंपनीने बनवला. आता दिसायला जुनाट वाटतो, बरीचशी अक्षरं आणि बटणंच, पण त्याने काही अडत नाही.

सुरुवात अशी की नोकरी गेलीय, घर गेलंय, सेव्हिंग संपलंय, एकट्याने मूल सांभाळायचंय आणि हातात शेवटचे १००० डॉलर आहेत, तर आता महिना काढून दाखवा. वेटर, गोदामातलं काम नाहीतर ऑफिसात टेम्पररी, यातलं एक पकडायचं (ऑफिसवाल्याला खरोखरची टायपिंग टेस्ट द्यावी लागते हं). मग घर शोधायचं, आणि गेमचा सगळ्यात भारी भाग हाच. एक पट्टी असते, कामाच्या जवळ राहिलात की भाडं जास्त, लांब सरकलात की भाडं उतरतं पण पेट्रोल चढतं, आणि ती पट्टी इकडून तिकडे कितीही ओढा, बेरीज काही मनासारखी येत नाही. "परवडत नाही तर लांब राहावं ना" असं जे सहज बोलून जातात त्यांच्या हातात ही एक पट्टी द्यावी, बाकी काही समजवायला जाऊ नये.

पुढे रोज काहीतरी उपटतंच. दात दुखतो, घरातलं पाळीव जनावर आजारी पडतं, पोराला कुणाच्या तरी बर्थडेला बोलावलेलं असतं आणि रिकाम्या हाताने कसं पाठवणार. यातली एकेक रक्कम मोठी नसते, पण मागे काहीच शिल्लक नसल्यामुळे प्रत्येक खर्च दुसऱ्या कशाच्या तरी पैशातून काढावा लागतो आणि तिथे मग नवं भगदाड पडतं. हे गेमने बरोब्बर पकडलंय. गरिबाला सगळंच महाग पडतं, बिल उशिरा भरलं की लेट फी, आणि पगारापर्यंत तग धरायला कर्ज घेतलं की त्याचं व्याज. अमेरिकेत पेडे लोन म्हणून जे मिळतं त्यात १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर हा अगदी नेहमीचा दर, ऐकायला किरकोळ वाटतो पण वर्षाचा हिशोब मांडला तर ३९० टक्के होतात! तिथल्या सरकारच्याच ग्राहक संरक्षण खात्याने २०१४ मध्ये सांगितलं होतं की अशी ८० टक्क्यांहून जास्त कर्जं एकतर पुढे ढकलली जातात नाहीतर १४ दिवसांच्या आत त्यांच्यामागे दुसरं कर्ज येतं. म्हणजे अडचण एकदाच आली तरी व्याज चालूच. आणि समजा महिना काढलात, तर शेवटी स्क्रीनवर येतं की उद्या भाडं भरायचंय 😅

आता खटकलं ते. गेम प्रत्येक वेळी दोन-तीन बटणं पुढे ठेवतो आणि म्हणतो निवडा. त्यामुळे हरलं की मनात काय येतं, तर अरे ते बटण चुकलं, दुसरं दाबलं असतं तर निभावलं असतं. म्हणजे गरिबी हा चुकीच्या निवडींचा प्रकार आहे असंच डोक्यात बसायला लागतं, जे मोडायला गेम काढला तेच. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाहीये, येल विद्यापीठातल्या जीना रुसोस आणि जॉन डोविडियो यांनी या गेमवरच अभ्यास केला, तो २०१६ मध्ये छापून आला, त्यातही गेम खेळून गरिबांबद्दलचं मत काही सुधारलं नाही, आणि काही जणांचं मत उलट आणखी बिघडलं. कारण त्यांनीही हेच दिलंय, खेळणाऱ्याला वाटतं सगळं आपल्या हातात आहे.

प्रत्यक्षात हातात काय असतं? पगार आणि भाडं हे दोन आकडे गेममध्ये आयते मिळतात, आणि सगळा खेळ त्या दोन आकड्यांचाच आहे. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलंय. आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही खाडा नाही, तरी महिन्याला जेमतेम १,२५० डॉलर. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत घर बसवावं असं तिकडे धरतात, ते होतात ३७५. एवढ्यात घर कुठे मिळणार, आणि ते भाडं कुणी ठरवलं, घरं बांधलीच का गेली नाहीत, यावर गेम एक अक्षर बोलत नाही. तिथल्या सरकारी ऑडिट खात्याने २०२० मध्ये दाखवलं होतं की मधल्या पातळीचं भाडं १०० डॉलरने जास्त असलं की बेघर लोकांचं प्रमाण साधारण ९ टक्क्यांनी जास्त दिसतं. डेट्रॉइटमध्ये गरिबी सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा कितीतरी जास्त, पण घरं स्वस्त, म्हणून तिथे बेघरांचं प्रमाण कमी. व्यसन, आजारपण, घरातली भांडणं यावरून कोण रस्त्यावर येणार ते ठरत असेल, पण किती जण येणार ते भाड्यावरून ठरतं. ती सुरुवातीची पट्टी इतकी छान केलीय, तर एखाद्या लेव्हलला खेळणाऱ्यालाच भाडं आणि किमान वेतन वरखाली करायला दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

५ पैकी ३.५ देते, अर्धा त्या पट्टीसाठी. वर्गात वापरायचा विचार असेल तर मुलांना आधी फळ्यावर पगार आणि भाड्याचा हिशोब करायला लावा आणि मग मोबाईल हातात द्या, आणि जमलं तर सगळ्यांनी एकेकटं खेळण्यापेक्षा एकाने खेळावं, बाकीच्यांनी बघावं.