सार्डिनियातलं भाड्याचं सायकल दुकान: पाचातले चार, एक स्टार ट्यूबपायी गेला

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि माणूस मनानं चांगला आहे. गाव अल्घेरो, इटलीचं सार्डिनिया बेट, वायव्येचा किनारा. तिथली जुनी माणसं इटालियनच्या जोडीला अजून कॅटलान बोलतात. एप्रिलमध्ये मी आणि दाजी गेलो होतो, इकडं सोलापुरात पारा चाळीसच्या वर आणि तिकडं सकाळी जाकीट घालायला लागतंय.

दाजींचं वय 54, एक गुडघा कुरकुरतो. आमची रविवारची राइड म्हणजे अक्कलकोट जाऊन येऊन पाऊणशे-ऐंशी किमी, पण सगळं सपाट, चढ म्हटलं तर वर्षातून दोनचारदा तुळजापूरचा घाट. त्यामुळं लूप, म्हणजे निघालो तिथंच परत येणारा फेरा, मध्यम पाहिजे होता, साठ किमीच्या आसपास, समुद्राकडेचा, आणि दाजींना संध्याकाळी हॉटेलचा जिना चढता आला पाहिजे एवढीच अट. दक्षिणेला बोसापर्यंतचा रस्ता लय भारी म्हणतात पण तो एका बाजूनंच 45 च्या आसपास, मध्ये एकही गाव नाही, पाणी संपलं तर संपलं. तो सोडला.

घरून मी ॲपवर रूट काढून नेला होता. किनाऱ्यानं फर्टिलिया, मग पोर्तो कोंतेच्या खाडीला वळसा, कापो काच्चाच्या टोकापर्यंत, आणि येताना आतून सांता मारिया ला पाल्मा गावावरून परत. दुकानदारानं मोबाईल बघितला आणि हवेत बोट उलटं फिरवलं. उलटा जा म्हणे. त्याचं इंग्रजी जेमतेम, आमचं इटालियन शून्य, मग कागदी नकाशा काढून पेन्सिलीनं दाखवलं. तिकडं माएस्त्राले नावाचा वारा वायव्येकडनं येतो. आधी आतून गेलात तर ताजे पाय असताना वारा तोंडावर घ्याल आणि येताना तोच ढकलत आणेल. दुसरं म्हणजे तिथं गाड्या उजव्या बाजूनं, त्यामुळं परतीला समुद्र उजव्या हाताला, म्हणजे आपल्याच कडेला राहतो, फोटोला थांबायचं तर रस्ता ओलांडायला नको. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी फक्त किमी आणि चढ बघत बसलो होतो. ॲपनं अंतर बरोबर दिलं, दिशा मात्र माणसानं दिली. हे चार स्टार त्या पेन्सिलीचेच समजा.

सायकल अल्युमिनियमची, कॉम्पॅक्ट क्रँक (पुढच्या चकत्या लहान), मागं 32 ची कॅसेट (सगळ्यात मोठ्या चकतीला 32 दाते), म्हणजे चढाला हलका गिअर, दाजींच्या गुडघ्याला तेच पाहिजे होतं. पेडल आम्ही आपापले नेले होते, त्यानं न कुरकुरता बसवून दिले, सीटची उंची दोनदा मोजली. फक्त पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता, आपल्याकडं बहुतेक सायकलींना तो उजवीकडं असतो, म्हणून पहिले पाच किमी दाजी पार्किंगमध्ये शिकणाऱ्या पोरासारखे चालवत होते. घ्यायच्या आधी हे विचारा.

कापो काच्चाला शेवटी चढ आहे, पण बसून निघतो. वर गेलं की खाली नेपच्यूनची गुहा, कड्याला लगटून 654 पायऱ्या. समुद्र खवळलेला असला तर गुहा बंद ठेवतात, आमच्या नशिबानं उघडी होती. क्लीटचे बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा असलेले) घालून दहा पायऱ्या उतरलो आणि घोड्यासारखा टापटाप आवाज, घसरायची भीती वेगळी. दाजी वरनं ओरडले, “अरे बूट काढ, तुळजापूरला देवीला उतरतोस तसं उतर!” शेवटी मोज्यांवर गेलो. वर येईस्तोवर मांड्या संपल्या, त्यामुळं लूप मध्यम ठेवायचा असेल तर पायऱ्या वेगळ्या दिवशी करा राव. दाजी तोवर सायकली राखत बसले होते आणि अर्धी कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर संपवून मोकळे. एनर्जी जेल घरीच ठेवून हे नेलं होतं, आठ दिवस भाकरी जशीच्या तशी.

आता तक्रार. परतीला पोर्तो कोंतेच्या कडेला माझं मागचं चाक पंक्चर. दुकानानं किटमध्ये स्पेअर ट्यूब दिलेली, पण रिम डीप, म्हणजे चाकाची कड खोल, आणि ट्यूबचा हवा भरायचा व्हॉल्व्ह आखूड, टोक रिमच्या बाहेर जेमतेम दिसतंय, पंप धरणार कसा? व्हॉल्व्ह लांबवायचं एक्स्टेन्शन पण नाही. दुकानाला फोन लावला तर दुपारची जेवणाची सुट्टी, कोणी उचलेना. सव्वा तास उन्हात बसलो, मग एका जर्मन जोडप्यानं थांबून त्यांची लांब व्हॉल्व्हची ट्यूब दिली, पैसे घेईनात, म्हणून उरलेली भाकरी दिली. बाईनं ती पापडासारखी मोडून खाल्ली.

संध्याकाळी दुकानदार माफी मागत होता, त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही, ते ठीक. पण कार्डावर अडकवलेलं डिपॉझिट सुटायला 11 दिवस लागले, तीनदा मेल करावा लागला. भाड्यानं सायकल घेताना काउंटरवरच ट्यूब रिमला लावून बघा, अर्धं मिनिट लागतं.

आणि ती आखूड व्हॉल्व्हची ट्यूब गडबडीत बॅगेत आली ती आलीच. दाजींच्या जुन्या सायकलला बरोबर बसली.