परदेशी प्रवेश मार्गदर्शन, जळगाव : कागदपत्रे चोख, माहिती अर्धवट

जळगावात परदेशी प्रवेशाची कामे करणाऱ्या एका कार्यालयाकडे आम्ही भाचीच्या मलेशियातील अभियांत्रिकी प्रवेशाचे काम सोपवले होते. कागदोपत्री सेवेबद्दल तक्रारीला जागा नाही. पासपोर्टच्या प्रतीपासून आरोग्याच्या घोषणापत्रापर्यंत प्रत्येक कागद त्यांनी तपासून घेतला, व्हिसाचा अर्ज वेळेत पाठवला आणि रावेरकडच्या एका केळी उत्पादक पालकांना माल निघेपर्यंत शुल्काचा दुसरा हप्ता थांबवण्याची सवलत माझ्यासमोर दिली.

घोडे अडते ते समुपदेशनापाशी. पहिल्याच बैठकीत पेट्रोनास मनोऱ्यांचे चित्र असलेले माहितीपत्रक पुढे सरकवत समुपदेशक म्हणाले, “काका, तिथे आपल्यासारखं आरक्षण नाही, सगळं मेरिटवर.” शेजारच्या खुर्चीवर यावलचे एक तडवी पालक मुलाच्या जात वैधतेची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्यादेखत असे बोलणे अशोभनीय होतेच, शिवाय ते खोटेही होते.

मलेशियाच्या राज्यघटनेचे १५३वे कलम मलय आणि साबा-सारावाक या राज्यांतील मूळ रहिवासी यांच्या विशेष स्थानाला संरक्षण देते आणि त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या व शैक्षणिक सवलती राखून ठेवण्याची मुभा देते. १३ मे १९६९च्या वांशिक दंगलींनंतर १९७१मध्ये आलेल्या नव्या आर्थिक धोरणाने या सवलतींची व्याप्ती पुष्कळ वाढवली. सरकारी विद्यापीठाकडे नेणाऱ्या मॅट्रिक्युलेशन अभ्यासक्रमात ९० टक्के जागा भूमिपुत्रांसाठी, म्हणजे मलय व या मूळ रहिवाशांसाठी, ठेवल्या जातात. २०१९मध्ये एकूण जागा २५,०००वरून ४०,००० झाल्या, तरी हे प्रमाण तसेच राहिले. सरकारी विद्यापीठात जायचे तर चिनी व तमिळ घरांतल्या बहुतेक मुलांना एसटीपीएम ही अधिक लांबलचक आणि अवघड समजली जाणारी परीक्षा द्यावी लागते. शालान्त परीक्षेत दहा किंवा अधिक विषयांत ए श्रेणी मिळवणाऱ्या सर्व वंशांच्या मुलांना मॅट्रिक्युलेशनची जागा देण्याची घोषणा व्हायला २०२४ साल उजाडले.

आपल्याकडचे दलित-आदिवासींचे आरक्षण पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवलेल्यांसाठी आहे, तर तिथे ते सत्ता हाती असलेल्या बहुसंख्याकांना मिळते. स्वातंत्र्याच्या वेळी मलय समाज खरोखरच गरीब होता, हे मान्य. पण गरिबी हटल्यावरही श्रीमंत मलय घरातला मुलगा पात्र ठरतो आणि रबराच्या मळ्यातल्या तमिळ मजुराचा मुलगा ठरत नाही, याचे समर्थन मला करता येत नाही. द्वीपकल्पातील आदिवासी असलेल्या ओरांग अस्ली समाजाचा तर त्या कलमात उल्लेखही नाही, आणि सातपुड्यातले पावरा पाडे पाहिलेल्या माणसाला हे जास्तच खटकते.

परदेशी विद्यार्थी या वाटपाबाहेर असल्यामुळे भाचीच्या प्रवेशाला धक्का लागत नाही. तरीही हे सांगायला हवे होते, कारण हे कार्यालय ज्या खासगी विद्यापीठांची पत्रके वाटते, त्यांच्या भरभराटीमागे सरकारी जागा न मिळालेल्या चिनी व भारतीय वंशाच्या मुलांची मागणी हे एक मोठे कारण आहे. १९९६च्या कायद्याने खासगी उच्च शिक्षणाला वाट करून दिली. पाठोपाठ १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाचे मोनाश आणि २०००मध्ये ब्रिटनचे नॉटिंगहॅम विद्यापीठ तिथे आले.

हे सारे मी समुपदेशकांच्या कानावर घातले, तेव्हा “पालकांना हेच ऐकायला आवडतं, काका,” असे उत्तर मिळाले. कागदपत्रांसाठी पाचपैकी पाच तारे द्यायला हरकत नव्हती. या उत्तराचे दोन कापले आहेत.