मोंढ्यातल्या नव्या संगणकावर विंडोज १० की ११?

लातूर-जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, आडतीच्या (दलालीच्या) दुकानासाठी नवा संगणक जोडून घेताना हमखास मागणी होते, "जुनी विंडोजच टाका," म्हणजे ११ ऐवजी १०. मागणीत तथ्य आहे. हिशेबपट्टी, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल (आगाऊ रक्कम) हे सगळं कित्येक दुकानांत अजून डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या काळातल्या, फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतं. सोयाबीनची आवक सुरू झाली की मुनिमाला नवं शिकायला सवड नसते.

आधी परवान्याचं बघू. विंडोज १० ची विक्री मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या साइटवर ३१ जानेवारी २०२३ ला थांबवली आणि मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. आता काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणारी १० ची परवाना-की (सुरू करायचा कोड) बहुतेकदा कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक परवान्यातून फुटलेली असते. विंडोज ॲक्टिव्हेट झाली म्हणजे परवाना तुमचा झाला, असं होत नाही. अशी की पुढे कधीही ब्लॉक होऊ शकते. व्यापाऱ्याने या वाटेला जाऊच नये. जुन्या संगणकावरची विंडोज ओईएम (संगणकासोबतच आलेली) असेल, तर ती त्याच मदरबोर्डची. नव्यावर नेता येत नाही. रिटेल (सुटी विकत घेतलेली) असेल तर जुन्यावरून काढून नव्यावर टाकता येते.

विंडोज ११ प्रोच्या (व्यवसायासाठीच्या आवृत्तीच्या) ओईएम परवान्यात त्याच पैशात १० प्रो वापरायचा हक्क ठेवला होता, पण मायक्रोसॉफ्ट १० ला सपोर्ट देते तोवरच. म्हणून तो आज लागू आहे का, हे आधी तपासा. ११ वर मात्र हवं तेव्हा परतता येतं. होम आवृत्तीला हा हक्क नाही. पैसे वाचवायला होम घेणाऱ्यांची इथेच अडचण होते. मात्र १० वर राहून अपडेट हवे असतील, तर व्यवसायासाठी त्यांचा दर पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आहे. पुढे तो दरवर्षी दुप्पट होतो, आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

आता खरी मेख. तो डॉस प्रोग्रॅम चालायचा विंडोजच्या जुन्या, ३२-बिट प्रकारावर; आजच्या संगणकांवर ६४-बिट प्रकार असतो. ६४-बिट विंडोज १० वरही तो थेट उघडत नाही, आणि ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. नव्या बोर्डांवर ३२-बिट १० चढवणं बहुतेक वेळा जमत नाही. चढली तरी ४ जीबीपलीकडची रॅम वाया जाते आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारं सॉफ्टवेअर) मिळत नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी जुनी विंडोज मागितली, ते कारण ती टाकूनही सुटत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ११ प्रो घ्या, तीच ठेवा, आणि जुना प्रोग्रॅम डॉसबॉक्स-एक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवा. ते मोफत आहे आणि त्यात छपाईची सोय करता येते. दोन काउंटरवरून एकच डेटा उघडत असाल, तर फाइल लॉकिंग (दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलू नये म्हणून लागणारं कुलूप) नीट होतं का हे डेटाच्या कॉपीवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट विंडोज हा दुसरा मार्ग, पण आतल्या विंडोजलाही परवाना लागतो. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तरी त्यावर डॉसबॉक्स-एक्स चालतं आणि परवान्याचा खर्च शून्य. पण जीएसटीच्या कामासाठी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लागत असेल तर लिनक्स नको.

१० प्रो मी एकाच कारणासाठी सुचवीन: वजनकाट्याचं किंवा जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर ११ वर चालत नसेल तर. तेव्हाही १० वापरायचा वैध परवाना आणि नव्या बोर्डाचे १० साठीचे ड्रायव्हर आहेत ना, हे ऑर्डर देण्याआधी पाहून घ्या. बिलावर "विंडोज ११ प्रो, ओईएम" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि एक हिशेबपट्टी छापून बघितल्याशिवाय जुना संगणक काउंटरवरून हलवू नका.