इतवारीतली एअर रायफल दुरुस्ती : खर्च, खटाटोप आणि पदरात काय पडते

नागपूरमधील इतवारीच्या एका अरुंद गल्लीत जुन्या एअर रायफली दुरुस्त करणारी एक कार्यशाळा आहे. तिला पाटी नाही. शेजारच्या कुलपांच्या दुकानाची खूण सांगूनच तिचा पत्ता दिला जातो. काकांकडून माझ्याकडे आलेली डायना मॉडेल २७ ही रायफल मी तेथे पूर्ण उघडून दुरुस्त करून घेतली. सर्व मिळून साडेसहा हजार रुपये लागले. साधारण एवढ्याच पैशांत एखादी साधी देशी नवी रायफल मिळत असल्यामुळे हा खर्च कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. म्हणून या सेवेचे परीक्षण हिशेबासकट लिहीत आहे.

कार्यशाळेचे मालक रायफल हातात घेताच सर्वप्रथम नळीचे माप, म्हणजे तिच्या भोकाचा व्यास, पाहतात आणि मालकाचे ओळखपत्र मागतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येते. त्यापुढे परवाना लागतो. जुन्या इंग्रजी रायफलींच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण बीएसए कंपनी नळ्यांना १ आणि २ असे क्रमांक देत असे आणि क्रमांक २ म्हणजे ५.५ मिलिमीटर. वाड्याच्या माळ्यावर सापडलेली अशी रायफल परवान्याची प्रत दाखवल्याशिवाय हे गृहस्थ उघडतही नाहीत. काही गिऱ्हाईक त्यामुळे नाराज होऊन परत जातात. मला मात्र याच सावधपणामुळे त्यांच्याविषयी पहिल्या भेटीतच विश्वास वाटला.

माझी रायफल जर्मनीतील रास्टाटच्या कारखान्यात १९७१ साली तयार झालेली आहे. सिलिंडरच्या मागच्या टोकाला डाव्या बाजूस महिना आणि वर्ष ठोकलेले असते, त्यावरून हे कळते. ती नळी खाली वाकवून भरण्याच्या प्रकारातली आहे. नळी वाकवली की सिलिंडरमधला दट्ट्या मागे जाऊन स्प्रिंग दबते, आणि चाप ओढला की दट्ट्या झपाट्याने पुढे येऊन त्याच्यापुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. या रचनेत ताकद टिकवून धरण्याचे काम दट्ट्याच्या तोंडावरचे कातडी वॉशर करते. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यावर ते कातडे लाकडासारखे कडक होते, हवा बाजूने निसटते आणि छर्रा पुठ्ठ्यालाही जेमतेम चिकटतो. अशा वेळी घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे नळीच्या मागच्या भोकातून भरपूर तेल ओतणे. त्यामुळे दाबाखाली तापलेल्या हवेत तेल पेट घेते, मोठा आवाज आणि धूर होतो, रायफलमध्ये जोर आल्याचा भास होतो आणि स्प्रिंग अकाली मोडते.

बिलात स्प्रिंगचे ८५० रुपये, वॉशर आणि नळीच्या तोंडाची सील यांचे २५०, मागच्या साइटचा (नेम धरण्याच्या खाचेचा) हरवलेला स्क्रू आणि पट्टी नव्याने घडवण्याचे ४०० आणि मजुरीचे २,४०० असे आकडे होते. मजुरी प्रथमदर्शनी जास्त वाटते. परंतु मागच्या दोन खिळी काढताच आधीपासून दबलेली स्प्रिंग बाहेर उसळते, म्हणून ती शिकंज्यात धरूनच उघडावी लागते. या मॉडेलच्या चापाच्या यंत्रणेत तीन लहान पोलादी गोळ्या असतात आणि त्या ग्रीसने जागेवर चिकटवून सगळा भाग सरळ आत सरकवावा लागतो. एक गोळी जरी ढळली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे काम मी समोर बसून पाहिले आणि त्यानंतर मजुरीबद्दल घासाघीस करण्याची इच्छा उरली नाही. बाजारातली देशी स्प्रिंग तशीच्या तशी बसत नाही. तिची लांबी कमी करून दोन्ही टोके सपाट घासावी लागतात, नाहीतर ती आत वाकडी होऊन सिलिंडर खरवडते. मी अधिक जाड तारेची स्प्रिंग टाकण्याविषयी विचारले, तेव्हा मालकांनी स्पष्ट नकार दिला. तशा स्प्रिंगने नळी वाकवायला जड जाते, धक्का वाढतो, दट्ट्या पुढच्या भिंतीवर आदळू लागतो आणि नेम मात्र बिघडतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते योग्यच आहे.

दस्त्याचे, म्हणजे रायफलच्या लाकडी भागाचे, काम मालक स्वतः करत नाहीत. त्यांच्या ओळखीच्या लकडगंजमधील सुताराने दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे हाताने पकडण्याच्या अरुंद भागापाशी, गेलेली चीर भरून, जुना चकचकीत वॉर्निश खरवडून, जवसाच्या तेलाचे हात दिले आणि २,६०० रुपये घेतले. काम स्वच्छ आहे, पण भरलेल्या चिरेचा रंग मूळच्या बीच लाकडाशी जुळलेला नाही आणि उजेडात तो फरक दिसतो. या पैशांत याहून सफाईदार काम मिळायला हवे होते, असे माझे मत आहे.

ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, मी नव्याने करून घेतले नाही, आणि तसे न करण्याचा सल्ला कार्यशाळेनेच दिला. शहरात हे काम करणारे बहुतेक लोक आधी बफच्या चाकावर पोलाद घासतात. त्यात कडा गोल होतात आणि सिलिंडरवरची कोरीव अक्षरे पुसट होतात. अशीच चकाचक होऊन आलेली, पण नाव वाचता न येणारी एक रायफल त्यांनी मला दाखवली. माझ्या सिलिंडरवरचा गंज बारीक स्टील वूल आणि तेल यांनी हलकेच काढून जुना थर तसाच ठेवला आहे. संग्राहकांच्या दृष्टीने जुनी पण अस्सल झिलई नव्या झिलईपेक्षा मोलाची असते, आणि हजार-दोन हजार वाचले ते वेगळेच.

छर्ऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र कार्यशाळेत नाही, ही मोठी उणीव आहे. मी ते एका मित्राकडून आणून मोजले, तेव्हा ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १६५ मीटर वेगाने गेला. म्हणजे साधारण सव्वासात जूल. या मॉडेलकडून एवढीच अपेक्षा असते. दहा मीटरवर टेकवून मारलेले छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात.

ही रायफल उद्या विकायला काढली तर साडेसहा हजार भरून येतील असे मला वाटत नाही, आणि विकण्याच्या हेतूने कोणी एवढा खर्च करू नये. घरातली रायफल चालती करायची असेल, तर यंत्रणेचे काम इतवारीत द्यावे, दस्त्यासाठी स्वतःचा सुतार शोधावा आणि वेळेची घाई करू नये. पावसाळ्यात उघडे पोलाद लगेच गंजते म्हणून त्या दिवसांत मालक रायफल उघडत नाहीत, आणि दसऱ्यानंतर आलेल्या कामांची रांग लांब असते. बिल हाताने लिहिलेले मिळते. बदललेले जुने भाग मागितल्यास पिशवीत घालून परत देतात.