साठवलेला लाख कर्जात भरताना: हप्ता कमी करावा की मुदत?

रोजचा डबा, हॉटेलला रामराम, घरचं दळण, जुना फोन आणखी दोन वर्षं. असे महिन्याला आठ-साडेआठ हजार बाजूला पडले की वर्षाला लाख होतो. तो गृहकर्जात भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, हे आपण सांगायचं असतं.

३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं धरा. हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. वर्षभराने एक लाख जादा भरला.

हप्ता कमी केला तर तो जेमतेम ८८५ रुपयांनी उतरतो. मुदत तीच, आणि शेवटपर्यंतचं व्याज साधारण एक लाखाने वाचतं.

मुदत कमी केली तर हप्ता तोच, पण सुमारे १८ हप्ते गळतात. व्याज वाचतं जवळपास ३ लाख ७० हजार! हा आकडा मी तीनदा तपासला. सुरुवातीच्या हप्त्यात व्याजाचाच वाटा मोठा असतो, म्हणून लवकर भरलेला रुपया जास्त काम करतो.

मी मुदतीच्याच बाजूची. मात्र घरात एकच पगार असेल, किंवा आईवडिलांच्या औषधांचा खर्च वाढत असेल, तर हप्ता उतरवणंच शहाणपणाचं. दर महिन्याचा श्वास मोकळा होतो. जादा रक्कम भरण्याआधी सहा हप्त्यांएवढे पैसे बँकेत राखून ठेवा.

बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही. अर्जात ‘मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहा आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या.